नांगराची निशाणी

आमच्या भागात "कागद केला" म्हटलं की ऐकणारा कसला कागद ते विचारत नाही. लग्नाची पत्रिका असते, शाळेचा दाखला असतो, कोर्टाचं समन्स असतं. त्यांना त्यांची त्यांची नावं आहेत. नुसता 'कागद' म्हणजे सावकाराचा. अमक्याचा कागद झालाय, असं पारावर बोलतात ते आवाज खाली आणून, त्या घरात कुणी फार आजारी असल्यासारखं.

आमचं गाव श्रीगोंदे तालुक्यात, घोड नदीच्या अलीकडं. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत असे पाच-सात कागद होते. मोडीत लिहिलेले, घड्यांवर विरलेले. वडलांना मोडी येत नव्हती, आजोबांना तर कसलीच अक्षरं येत नव्हती. तरी पेटी जपली होती. पुढं मोडी जाणणारे एक निवृत्त गुरुजी भेटले, त्यांनी दोन दुपारी बसून ते वाचून दिले. मजकूर एका छापाचा: अमुक रुपये घेतले, अमुक व्याज, अमुक मुदत, न दिल्यास अमुक नंबराचं रान. आणि तळाला सहीच्या जागी चार रेघांचा नांगर. शेजारी शब्द, 'निशाणी नांगर'.

जुन्या कागदांवर कुणब्याची निशाणी नांगर, वाण्याची तागडी, असा रिवाजच होता. मला आपलं वाटायचं, आमच्या खापरपणज्यानं निदान तो नांगर तरी आपल्या हातानं काढला असेल. गुरुजी हसले. म्हणाले, "अहो, नांगरसुद्धा लिहिणाराच काढायचा. तुमचा म्हातारा नुसता टाकाला बोट लावायचा." त्या पेटीतल्या कागदांवर आमचं म्हणून जे काही होतं ते असं बोट लावण्यापुरतं. बाकी सगळं दुसऱ्याच्या हातचं.

१८७५ साली आमच्या नगर जिल्ह्यातली आणि शेजारच्या पुणे जिल्ह्यातली साधी शेतकरी माणसं उठली आणि त्यांनी सावकारांची घरं गाठली. इंग्रजांनी त्याला 'दख्खनचे दंगे' असं नाव दिलं आणि आपल्या पुस्तकांतही तेच नाव बसलं. दंगा म्हटलं की डोळ्यांपुढं डोकी फुटलेली येतात. पण या दंग्यात लोकांनी मागितला तो कागद, आणि जाळला तोही कागद. पेटीतला तो नांगर पाहिल्यापासून मला त्याचं नवल वाटत नाही.

आता सावकार काही इंग्रजांनी आणला नव्हता. पेशवाईतही होता, त्याआधी निजामशाहीतही असणार. पण जुन्या काळी त्याला वसुली करायची तर गाव हाताशी धरावं लागायचं. पाटील, पंच, चार जाणती माणसं. ऋणको फारच टाळायला लागला तर सावकार त्याच्या दारात धरणं धरून बसायचा. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, दामदुप्पट झालं की थांबावं, ही रीत होती. सगळे ती पाळत होते असं नाही, पण मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवायचं होतं. १८१८ नंतर इंग्रज आले आणि न्याय तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी, मुन्सफाच्या कोर्टात जाऊन बसला. तिथं कागद असेल तो खरा. कागद कुणी लिहिला, कुणी वाचून दाखवला, खरोखर किती रुपये हातात पडले, हे विचारायला कोर्टाला सवड नव्हती. समन्स आलं तरी कुणबी जायचा नाही. पेरणी सोडून तीस मैल चालत जाऊन तिथं बोलायचं काय? मग एकतर्फी हुकूमनामा, मग जप्ती, आणि वेळ आली तर दिवाणी तुरुंग.

त्यात सारा. विंगेट साहेबानं इंदापुराकडून १८३६ च्या सुमारास मोजणी सुरू केली, तीस वर्षांचा धारा बांधला. आधीच्या प्रिंगल साहेबाच्या आकारणीनं गावं ओस पडली होती, त्यामानानं हा धारा बरा, असं जुने लोकही म्हणत. पण तो रोख होता आणि हप्त्यानं होता. आभाळ हप्ता पाळत नाही, निदान आमच्याकडचं तरी. पाथर्डी-कर्जत-श्रीगोंदे-पारनेर हा सगळा पट्टा पावसाच्या सावलीतला. तीन वर्षांत एक साल पिकतं. हप्त्याला रुपये हवेत तर सावकार.

मग साठीच्या दशकात एक गंमतच झाली. गंमत म्हणायची आपली. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६१ ते १८६५. मुंबईचे व्यापारी पैसे ओतायला लागले, ते सावकाराकडून खेड्यात उतरले. मागेल त्याला कर्ज. घाटात आगगाडीची कामं निघालेली, बैलगाडीवाल्यालाही मजुरी बरी मिळायची. लोकांनी बैल घेतले, लग्नं केली. १८६५ ला तिकडची लढाई संपली. भाव कोसळले. इकडं तीस वर्षं भरली म्हणून इंदापूर-भीमथडीकडं नवी आकारणी झाली आणि धारा कुठं कुठं दीडपटीच्या वर गेला. ज्या सावकारानं बोलावून बोलावून पैसे दिले होते त्यानं हात आखडला. नवं कर्ज नाही, आणि जुनं आत्ताच्या आत्ता.

सरकारनं १८५९ मध्ये एक कायदा केला होता. कर्जरोखा तीन वर्षंच चालेल, म्हणजे व्याज साठत जाणार नाही. हेतू चांगला. सावकारानं काय केलं? दर तीन वर्षांनी कुणब्याला बोलावून नवा रोखा करून घ्यायचा. मागचं मुद्दल अधिक मागचं व्याज मिळून नवं मुद्दल, त्याला पुन्हा व्याज. पुन्हा टाकाला बोट. पुढं चौकशी झाली तेव्हा शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांच्या वर व्याज लावल्याचं प्रकरण निघालं. चौकशीत असलाच आणखी एक कागद पुढं आला. एका कुणब्यानं कर्जापोटी आपल्या लोखंडी आसाच्या दोन गाड्या आणि चार बैल सावकाराला विकले, आणि तेच बैल, त्याच गाड्या महिन्याच्या भाड्यानं त्याच सावकाराकडून घेतल्या. बैल गोठ्यातून हललेसुद्धा नाहीत. फक्त धनी बदलला. वर लिहून दिलं होतं की भाडं भरल्याची पावती सावकाराच्या हातची नसेल तर भाडं दिलं असं मी म्हणणार नाही.

या पावतीवरून मिरजगावची गोष्ट सांगतो. नगरहून सोलापूरला जाताना कर्जत तालुक्यात मिरजगाव लागतं. तिथल्या रयतेनं नगरच्या कलेक्टराकडं केलेला एक अर्ज चौकशीच्या कागदांत सापडतो. त्यात शिवीगाळ नाही, देवाधर्माची आण नाही. साध्या भाषेत लिहिलंय: घरखर्च भागत नाही म्हणून आम्हाला सावकाराकडं पैसा, कापड, धान्य मागावं लागतं, ते मोठ्या मिनतवारीनं मिळतं आणि रोख्यात कडक अटी घालून मिळतं. रोख घेणाऱ्याला जो भाव, त्याहून आम्हाला शेकडा पंचवीस ते पन्नास जास्त. आमचं पीक सावकार घेऊन जातो, खात्यावर जमा करतो म्हणून सांगतो, पण जमा करत नाही. नेलेल्या मालाची पावती देत नाही.

मी हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा पुन्हा शेवटच्या ओळीवर येत होतो. माणसं अर्धपोटी होती, आणि मागत होती पावती. त्यांचं दुखणं त्यांना नेमकं कळलं होतं. धान्य खळ्यावरून जाताना सगळ्या गावानं पाहिलेलं असायचं. पण गावानं पाहिलेलं कोर्टात चालत नव्हतं, आणि कोर्टात चालणारं लिहायचा मान एकट्या सावकाराच्या चोपडीला होता. राजाचं वतन नाही, सनद नाही, तरी हा एक मोठा मक्ताच होता.

ठिणगी पडली ती आमच्या गावावरून नदी ओलांडली की पलीकडं, शिरूर तालुक्यातल्या करड्यात. १८७४ च्या डिसेंबरात काळूराम नावाच्या मारवाडी सावकारानं बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा आणला. दीडशे रुपयांचं प्रकरण. देशमुख म्हणजे खानदानी घर, मानाचं. काळूरामनं घर ताब्यात घेतलं आणि तेवढ्यावर न राहता ते पाडायला काढलं. इथं गाव बिथरलं. खरं सांगायचं तर गरीब कुणब्यांची घरं अशी कितीतरी गेली असतील. देशमुखाचं गेलं तेव्हा सगळ्यांना आपलं घर आठवलं. देशमुखीचा मान आणि कुणब्याची गरज या एका प्रकरणात एका बाजूला आल्या. एरवी त्या क्वचितच येत.

करड्यानं मारामारी केली नाही. सावकारांना वाळीत टाकलं. त्यांचं रान कुणी करायचं नाही, न्हाव्यानं हजामत करायची नाही, पाणी भरायचं नाही, घरकामाला जायचं नाही. शेवटी त्यांना गाव सोडावं लागलं. ही युक्ती आसपासच्या गावांत पसरली. इंदापूरकडच्या एका गावानं तर आपसांत करारच लिहून काढला, जो गुजराची चाकरी करील त्याला जातीत जेवायला बसू द्यायचं नाही म्हणून. कागदानं नाडलेल्या माणसांनी एक कागद स्वतः केला.

मग १२ मे १८७५. वैशाखाचे दिवस, पेरणीला अजून अवकाश. सुप्याला दंगा झाला. आमच्याकडं सुपे म्हटलं की लोकांना पारनेर तालुक्यातलं सुपे आठवतं, एमआयडीसीचं. हे ते नव्हे. हे पुणे जिल्ह्यातलं, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं, आता बारामतीत येतं. मोठं बाजाराचं गाव, गुजर वाण्यांची दुकानं. आजूबाजूच्या गावची माणसं जमली, रोखे आणि वह्या मागितल्या. दिल्या त्या जाळल्या, नाही दिल्या ती दुकानं लुटली. काही घरंही पेटली. तिथून चार-आठ दिवसांत आग नदी ओलांडून आमच्या जिल्ह्यात आली. श्रीगोंदे, पारनेर, नगर, कर्जत. तीसाच्या वर गावं, साडेसहा हजार चौरस किलोमीटरचा मुलूख.

पुढच्या साली मुंबईच्या 'नेटिव्ह ओपिनियन' पत्रानं या कामाची रीत छापली होती. गावाच्या शिवेवर आधी राखणीला माणसं बसवायची. सरकारी माणूस येताना दिसला की त्यांनी इशारा द्यायचा. मग जमावानं सावकाराच्या दारात जाऊन कागद काढा म्हणायचं. नाही काढले तर मार आणि लूट. इशारा आला की पांगायचं, जो तो आपल्या औताला. आमच्या घरात याची एक आठवण पिढ्यांमागून उतरत आली होती. आजी तिच्या आजेसासऱ्याचं सांगायची. तो त्या वेळी पोरगेलासा होता, त्याला बाभळीवर चढवून ठेवला होता. "दिसभर झाडावं बसला व्हता म्हनं, आन् खाली उतरला तवर समदं जळून गेल्तं. त्येला काय बी बघाया गावलं न्हाई." म्हातारा मरेपर्यंत याचीच हळहळ करायचा. जाळ बघायचा राहिला म्हणून.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतलं ती. ही माणसं उठली ती सरकारविरुद्ध उठतोय असं समजून नव्हे. गावागावांत एक बातमी फिरत होती: एका इंग्रज साहेबानं विलायतेला कळवलं आणि खुद्द राणीचा हुकूम आलाय, मारवाड्यांकडून रोखे काढून घ्या. चौकशी समितीपुढंही ही बातमी आली. विलायतेहून हुकूम सुटलाय, तेव्हा इथले साहेब आडवे येणार नाहीत, असंही लोक धरून चालले होते.

राणी सगळ्यांना ठाऊक होती, कारण ती रुपयावर होती. आजी चांदीच्या रुपयाला शेवटपर्यंत 'राणीछाप' म्हणायची. सारा राणीचा, कोर्ट राणीचं, सावकार मोजून द्यायचा ते रुपये राणीचे, आणि जप्तीला येणाऱ्या बेलिफाच्या हातातला कागदही तिच्याच नावाचा. तरी राणी मात्र चांगली! आजी म्हणायची, "राणी लई मायाळू व्हती. तिच्या भवतालची मानसंच वंगाळ." मी कॉलेजात शिकत होतो तेव्हा मला या भोळेपणाचा राग यायचा.

नंतर वाचत गेलो तेव्हा दिसलं की हे आमच्याच लोकांचं खूळ नव्हतं. फ्रान्समध्ये १७८९ च्या उन्हाळ्यात शेतकरी सरदारांच्या गढ्यांवर चालून गेले, आणि त्यांनी शोधले ते वेठीचे, खंडणीचे, जमिनीच्या हक्कांचे दप्तर. ते अंगणात आणून जाळलं. तेव्हा कितीकांनी सांगितलं की राजाचाच हुकूम आहे. त्याच्या चारशे वर्षं आधी, १३८१ साली, इंग्लंडातले शेतकरी लंडनवर गेले, जमीनदारांच्या कचेऱ्यांतल्या नोंदी जाळत गेले, आणि म्हणत होते की आम्ही राजाच्या बाजूचे. ज्यांच्या राणीचं नाव घेऊन आमची माणसं सुप्याला जमली, त्या इंग्रजांच्या पूर्वजांनी हेच केलं होतं. लिहिता न येणाऱ्यांना लिहिलेल्याचं बळ सगळ्यांत आधी कळतं, असं मला वाटतं. आणि जवळच्या धन्याला हात घालायचा तर लांबच्या धन्याचं नाव घ्यावं लागतं. नाहीतर पाय उचलत नाहीत. आजी त्याला माया म्हणायची. बाभळीवर पोरगं चढवून शिवेवर पहारा ठेवणाऱ्या माणसांना ते पुरतं खरं वाटत असेल, याची मला खात्री नाही. हुकूम आला असता तर पहारा कशाला?

बंड दुसऱ्या तऱ्हेनंही होत होतं. आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्यानं तीस वर्षं आधी महादेव कोळ्यांना घेऊन सावकारांवर शस्त्र धरलं होतं. सावकारांची नाकं कापली म्हणून त्याचं नाव अजून घेतात. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. पारनेर-श्रीगोंद्याच्या कुणब्यांनी तो रस्ता धरला नाही. मारहाण झाली, काही घरं जळाली, पण रक्तपात फारच थोडा. जिथं कागद निमूट दिले तिथं जमाव परत फिरला.

माझ्या शाळेत अशाच एका सावकाराच्या घरातला मुलगा होता. पिढ्यान् पिढ्या आमच्याच गावात राहिलेलं घर, बोलणं आमच्यासारखंच. पुढं आम्ही चांगले दोस्त झालो. एकदा हा विषय निघाला तर म्हणाला, "तुमच्यात ते जाळपोळीचं कौतुकानं सांगतात. आमच्यात वेगळं सांगतात. आमच्या बायका त्या रात्री पाटलाच्या वाड्यात माजघरात लपल्या होत्या, पाटलीणबाईनं त्यांना जेवू घातलं." दोन्ही खरं असणार. आणि हेही खरं की जमावानं वेचून मारवाडी आणि गुजर गाठले. गावातलेच जे देशस्थ, जे पाटील, व्याजबट्टा करत होते, त्यांच्या दारात सहसा कुणी गेलं नाही. त्यांचा दर काही धर्मादाय नव्हता. पण ते आपले होते आणि हे परमुलखातून आलेले. हे सांगायचं टाळलं तर गोष्ट नुसती गोड होते.

आणखी एक माणूस यात कुठंच नाही. महारवाड्यातल्या माझ्या एका मित्राला मी हे सगळं उत्साहानं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "आमच्या आज्या-पणज्यांच्या नावाचा कागदच नव्हता. त्यांना कर्ज कोण देणार? जाळणार काय?" सावकाराला तारण लागतं, तारण म्हणजे रान. ज्यांच्याकडं नाव घेण्याजोगं रानच नव्हतं त्यांना लुबाडायलासुद्धा कुणी कागद केला नाही. त्यांची वेठ तोंडीच चालत होती. कुणब्याचा तो नांगर मला कधी केविलवाणा वाटतो, पण तो नांगर काढायला मिळणं हासुद्धा त्या काळी एक मान होता.

सरकार घाबरलं. सत्तावन्नला अठराच वर्षं झाली होती. पलटणी आल्या, गावांवर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च त्याच गावांकडून वसूल केला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून साडेनऊशेच्या आसपास माणसं धरली. मग चौकशी समिती नेमली. तिनं साक्षी घेतल्या, अर्ज गोळा केले, जाडजूड अहवाल केला, तो १८७८ मध्ये विलायतेच्या पार्लमेंटपुढं गेला. सरकारला मुख्य जाणून घ्यायचं होतं की आपल्या साऱ्यामुळं हे झालं का. समितीनं सांगितलं, नाही, सावकारामुळं झालं. आश्चर्य काही नाही. अहवाल तयार होत होता तेव्हा इकडं १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला होता.

तरी एक गोष्ट झाली आणि ती लहान नव्हती. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला: पुणे, सातारा, सोलापूर आणि आपला नगर. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणं बंद. नुसत्या कर्जाच्या हुकूमनाम्यावर, गहाण न ठेवलेली जमीन लिलावात काढणं बंद. कोर्टानं रोख्यावरचा आकडा न धरता व्यवहार मुळापासून तपासायचा: पहिल्यांदा हातात किती पडले, किती फेडले. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकापुढं लिहायचा, त्याला समजावून सांगून. आणि रक्कम दिली की पावती, वर्षाला हिशेब, मागितल्यास पासबुक. मिरजगावकरांनी मागितलेली पावती अशी कायद्यात आली. पुढं न्यायमूर्ती रानडे या कायद्याखालचे खास न्यायाधीश म्हणून गावोगाव फिरून कज्जे तपासत होते. जोतीराव फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड' याच वर्षांतलं, १८८३ चं.

सावकारानं यालाही वाट काढली. गहाणखतात कोर्ट खोदून बघतं ना, मग गहाणखत नकोच. सरळ खरेदीखत कर. पैसे फेडलेस की रान परत देतो, हा शब्द तोंडी. आमची ओढ्याकाठची पट्टी अशीच गेली. पेटीतला सगळ्यांत अलीकडचा कागद त्याच खरेदीखताचा. पैसे फेडले असं आजोबा शपथेवर सांगायचे. पण फेडल्याचं लिहून घेतलं नव्हतं, आणि शब्द देणारा मरून गेला होता. ती पट्टी नंतर दोन-तीन हातांतून फिरली. आज ज्याच्याकडं आहे त्याचा त्यात काही दोष नाही. गावात तिला अजून आमच्याच आडनावानं ओळखतात. सातबारावर तसं काही नाही.

आजोबा या पट्टीविषयी कडवटपणे कधी बोलले नाहीत. त्यांनी एवढंच केलं की माझ्या वडलांना शाळेत घातलं, तेही सुगीच्या दिवसांत, घरात हात कमी असताना. भावकी हसली.

असं काही त्याच सुमारास जिल्ह्यात ठिकठिकाणी चाललं असणार. कारण १९१० साली मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केलं आणि ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून चालवलं. पुण्या-मुंबईत नव्हे, खेड्यात छापखाना. मुकुंदराव म्हणजे फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' काढणारे कृष्णराव भालेकर यांचे चिरंजीव, पाटलांच्या घरी दत्तक गेलेले. त्यांनी १९१३ मध्ये 'कुलकर्णी लीलामृत' लिहिलं, पोथीसारखं ओव्यांत, गावच्या दप्तरावर बसून रयतेला नाडणाऱ्या कुलकर्णी वतनाची टर उडवत. पोथी ऐकायला बसणारी माणसं होतीच. त्यांच्यापुढं त्यांनी ही वेगळी पोथी ठेवली. कुलकर्णी वतन कायद्यानं जायला १९५१ साल उजाडलं. 'दीनमित्र' त्यानंतरही चालू होता, मुकुंदरावांच्या अखेरीपर्यंत, १९६७ पर्यंत.

माझे वडील तो अंक वाचायचे. ओसरीवर बसून मोठ्यानं, कारण ऐकायला चार-पाच जण येत. आजोबा खांबाला टेकून ऐकायचे. एखादी ओळ पटली की अंक हातात मागून घेत, उलटसुलट करून बघत, आणि विचारत, "हे कुठं लिवलंय ते दाव." वडील बोट ठेवून दाखवायचे.